बाटलीवरची चिठ्ठी आणि कवितेखालचे नाव

मराठी समीक्षेची निम्मी परिभाषा स्वयंपाकघरातून आलेली आहे. रस, रुची, गोडी, आस्वाद, चर्वणा, परिपाक हे शब्द आपण वर्गात इतक्या सवयीने उच्चारतो की त्यांना कधीकाळी जीभ होती याचा विसर पडतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना नाना व्यंजनांनी युक्त अन्न जेवणाऱ्या सुमनस माणसाचाच दृष्टान्त दिला आहे. राजशेखर त्याच्याही पुढे गेला. त्याने 'काव्यमीमांसे'त नऊ प्रकारचे काव्यपाक सांगितले आणि त्यांना कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी आणि नारळ यांची नावे दिली. आरंभी बेचव पण अखेरीस स्वादिष्ट, तो द्राक्षाचा पाक. आरंभी स्वादिष्ट पण अखेरीस बेचव, तो सुपारीचा. आरंभीही आणि अंतीही स्वादिष्ट, तो नारळाचा. वाइनचे जाणकार आज घोट तोंडात येतानाची चव आणि गिळल्यानंतर मागे रेंगाळणारी चव असा जो भेद करतात, तो या पूर्वसूरीने हजार-अकराशे वर्षांपूर्वी कवितेसाठी करून ठेवला होता.

हे सारे असूनही एक गोष्ट आपल्याकडे पद्धत म्हणून रुजली नाही, आणि ती म्हणजे डोळे बांधून चव घेणे. वाइनच्या जगात ती रीत जुनी आहे. बाटली कागदी पिशवीत घालायची, पिशवीवर नाव न लिहिता आकडा टाकायचा, आणि मग पिणाऱ्याने मळा, देश, साल, किंमत यांपैकी काहीही माहीत नसताना समोरच्या पेल्याबद्दल बोलायचे. हा खेळ, त्याच्या नावाने सांगितले जाणारे निष्कर्ष आणि आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांना त्यातून घेता येण्याजोगे थोडेफार, असा या टिपणाचा विषय आहे. (मराठीच्या प्राध्यापकांनी मद्यावर लिहावे का, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी 'एकच प्याला' अभ्यासक्रमात कुणी लावले होते ते आठवून पाहावे. त्यातल्या पेल्यात वाइन नव्हती, हे मान्य.)

हे लिहिणारे आम्ही तिघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या हिवाळ्यात नाशिकला एका मित्राच्या घरी सहाजण जेवायला जमलो. यजमान अर्थशास्त्र शिकवतात आणि त्यांना असल्या प्रयोगांची हौस आहे. पाच खाकी पिशव्या, पाच आकडे, प्रत्येकाला कागद-पेन्सिल, आणि एकच नियम: सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचे नाही. पाहुण्यांपैकी एकजण रसायनशास्त्राचे. ते मद्य घेत नाहीत. त्यांनी फक्त वास घेऊन लिहायचे ठरवले आणि बाकीच्यांनी त्यावर यथेच्छ विनोद केले.

कागद वाचले गेले तेव्हा सर्वांत मौजेचे होते ते शब्द. वाइनच्या परदेशी टिपणांत ज्या बोरांची आणि बेरींची नावे येतात, ती फळे आमच्यापैकी बहुतेकांनी कधी चाखलेली नाहीत. त्यामुळे कागदांवर उतरले ते करवंद, जांभूळ, आमसूल, चिंचेचा कोळ. एकाने 'भिजलेले गोणपाट' असे लिहिले होते आणि ते सगळ्यांना तत्काळ पटले. इंग्रजीत ज्याला टॅनिन म्हणतात, द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून जीभ कोरडी करणारा तो गुण, त्याच्यासाठी तर आपल्याकडे शब्द तयारच होता. तुरट. षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाचे पान आहे. हिरडा, सुपारी, कच्चे केळे यांवर वाढलेल्या जिभेला तो परका नाही.

दुसरी मौज यजमानांनी पिशव्या काढल्यावर कळली. दोन आणि पाच या आकड्यांच्या बाटल्या एकाच वाइनच्या होत्या, नाशिकच्याच शिराझ द्राक्षाच्या. सहा कागदांपैकी तिहींवर या दोन पेल्यांना अगदी वेगळी विशेषणे लागली होती. एका कागदावर दोन नंबर 'उथळ' आणि पाच नंबर 'गंभीर' होता. रसायनशास्त्राच्या स्नेह्यांनी मात्र 'दोन व पाच एकच असावेत' असे स्वच्छ लिहिले होते. त्यांचा जयजयकार होणार इतक्यात पुढचे वाक्य वाचले गेले: 'बहुधा एक नंबरही तीच.' एक नंबर फ्रान्सहून आलेली होती.

हा प्रसंग आम्हाला एका जुन्या गोष्टीपाशी घेऊन गेला. सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागात सांचो पान्झा आपल्या घराण्यातल्या दोन पुरुषांची कथा सांगतो. पिंपातल्या वाइनबद्दल त्यांचे मत विचारले असता एकाने ती जिभेच्या टोकाला लावली, दुसऱ्याने नुसती हुंगली. एकाला लोखंडाची चव लागली, दुसऱ्याला कातड्याची. मालक म्हणाला, पिंप स्वच्छ आहे, असले काही त्यात नाही. पुढे वाइन विकली गेली, पिंप रिकामे झाले, आणि तळाशी कातड्याची वादी बांधलेली एक लहानशी किल्ली निघाली. डेव्हिड ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरच्या आपल्या १७५७ च्या निबंधात हीच कथा घेतली आणि संवेदनेची सूक्ष्मता म्हणजे काय ते तिच्यावरून सांगितले. चांगल्या समीक्षकाला काय हवे याची त्याची यादीही तिथेच आहे: विवेक, सूक्ष्म संवेदन, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून सुटका. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात ही यादी आपण शिकवतो. पण किल्ली वर्गात फारशी येत नाही, आणि आमच्या मते खरी अडचण किल्लीपाशीच आहे. तिच्याकडे आम्ही परत येऊ.

आंधळ्या चवीच्या इतिहासात सर्वांत गाजलेला दिवस २४ मे १९७६. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज गृहस्थ स्टीव्हन स्पुरिअर यांनी आपल्या सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांच्यासह त्या दिवशी एक बैठक भरवली. नऊ फ्रेंच परीक्षक, सारे आपापल्या क्षेत्रातले मानकरी, समोर दहा पांढऱ्या आणि दहा तांबड्या वाइन, प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या, गुण वीसपैकी. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना (१९७३). तांबड्यांत थोड्या फरकाने पहिली आली तिथलीच स्टॅग्ज लीप (१९७३), आणि बोर्दोची मूतों-रोथशिल्ड (१९७०) दुसरी. बैठकीला हजर असलेले एकमेव वार्ताहर 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. कुठल्या आकड्यामागे काय आहे याची यादी त्यांच्याजवळ होती, म्हणून त्यांना एक गंमत टिपता आली. एका परीक्षकाने नापा खोऱ्यातल्या वाइनचा घोट घेतला आणि आपण पुन्हा फ्रान्समध्ये परतलो अशा अर्थाचा समाधानाचा उद्गार काढला. निकाल जाहीर झाल्यावर परीक्षकांपैकी ओदेत कान या संपादिकेने आपले गुणपत्रक परत मागितले.

गुणपत्रक परत मागणे ही कृती आम्हाला फार बोलकी वाटते. हातातली वाइन तीच होती, जिभेने दिलेला कौलही तोच होता. बदलले होते ते फक्त पुठ्ठ्यावरचे नाव. तरी घोट मागे घ्यावासा वाटला. फ्रेंच वाइन मुरायला वेळ लागतो, काही वर्षे थांबा, मग पाहा, असा युक्तिवाद त्यानंतर झाला. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाइन लंडन आणि नापा येथे एकाच वेळी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे निघाले, आणि सर्वांत वर होती रिज मोंते बेलो (१९७१).

या घटनेचा अर्थ लावताना मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पॅरिसच्या बैठकीने परीक्षकांना चव कळत नाही असे काही सिद्ध केले नाही. उलट, त्यांना चव कळत होती म्हणूनच अनोळखी मुलखातली चांगली वाइन त्यांच्याकडून वर काढली गेली. सिद्ध झाले ते इतकेच, की नाव दिसत असते तर ती वर आली नसती. पिशवीने जिभेला खोटे पाडले नाही, मोकळे केले.

याउलट गेल्या पंचवीस वर्षांत वर्तमानपत्रांना आवडलेली गोष्ट वेगळी आहे: तज्ज्ञ म्हणजे भोंदू. तिला आधार म्हणून २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा एक प्रयोग सांगितला जातो. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिए या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळला, आणि मद्यनिर्मितीचे शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांनी तिच्या वासाला तांबड्या वाइनची विशेषणे लावली. बातमीत याचे 'तज्ज्ञांना तांबडी-पांढरीतला फरक कळत नाही' असे होते. मूळ प्रयोगातले लोक विद्यार्थी होते, आणि त्यांना विचारले होते ते हे, की तुमच्या या शब्दांपैकी कोणता शब्द कोणत्या पेल्याला अधिक लागू पडतो. समोर एक पेला पांढरा, एक तांबडा. 'मधाचा वास' पांढऱ्याकडे गेला, 'काळ्या बोरांचा' तांबड्याकडे. डोळ्यांनी शब्द वाटून दिले. नाकाबद्दलच्या बातमीपेक्षा शब्दांबद्दलची ही बातमी आमच्या कामाची आहे, कारण आमचे सगळे दुकान शब्दांचेच. कवितेखाली नाव दिसले की कोणती विशेषणे कुणाकडे जायची हे असेच आधी ठरलेले असते. ग्रेस म्हटले की 'दुर्बोध', बालकवी म्हटले की 'निसर्ग', मर्ढेकर म्हटले की 'यंत्रयुग'. कविता कोणती हे नंतर पाहिले तरी चालते.

आणखी दोन अभ्यास २००८ चे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली अधिक आवडली, आणि मेंदूच्या छायाचित्रणात सुखाशी निगडित असलेल्या भागाची हालचालही त्या वेळी अधिक दिसली. म्हणजे लोक आव आणत नव्हते; त्यांना खरोखरच ती अधिक रुचत होती. दुसरा अभ्यास रॉबर्ट हॉजसन यांचा, कॅलिफोर्नियाच्या राज्यमेळ्यातल्या परीक्षकांवरचा. एकाच बाटलीतली वाइन इतर पेल्यांत मिसळून तीनदा समोर ठेवली, तर तिला तिन्ही वेळा एकाच श्रेणीत बसवणारे परीक्षक सुमारे दहा टक्के निघाले. आमच्या यजमानांनी दोन आणि पाच नंबरचा डाव इथूनच उचलला होता. हा दुसरा आकडा वाचून हसण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने, एकाच गठ्ठ्यातली एकच उत्तरपत्रिका सकाळी आणि संध्याकाळी तपासली तर किती गुण पडतील, याचा हिशेब मनातल्या मनात करावा.

जेवणाच्या मेजावरच्या या खेळाला आणखी एक बाजू आहे, ती रोआल्ड डाल यांच्या 'टेस्ट' या कथेत निर्दयपणे दिसते. तिथे यजमानाला पाहुण्याची जाणकारी मोडून काढायची आहे, पाहुण्याला यजमानाच्या घरात जिंकायचे आहे, पणाला लागली आहे यजमानाची मुलगी. आणि पाहुण्याचा चष्मा बाटलीजवळ कसा राहिला हे शेवटी घरातली मोलकरीण सांगते. वाइनकडे त्या मेजावर कुणाचेच लक्ष नाही. ओळखण्याची शर्यत सुरू झाली की चव संपते, हे वर्गातही खरे आहे.

वर्गातला पिशवीचा प्रयोग आय. ए. रिचर्ड्स यांचा. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, वाचायला आठवडाभराचा वेळ दिला, आणि लेखी अभिप्राय गोळा केले. त्यांतल्या तेरा कविता आणि त्यांवरचे अभिप्राय यांतून १९२९ चे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक झाले. डन, हॉपकिन्स यांच्यासारख्यांच्या कवितांना तिथे बरीच हेटाळणी सोसावी लागली, हे आपण एम.ए.ला शिकतो आणि त्यावर टीप लिहितो. रिचर्ड्स यांचा रोख कोणत्या कवीचा भाव पडला याकडे नव्हता; वाचताना अडथळे कोणते येतात, साचेबंद प्रतिसाद कसे आड येतात, याची ती चिकित्सा होती. आपल्याकडे ते पुस्तक आले, त्याचे नाव अभ्यासपत्रिकेला मिळाले, 'उपयोजित समीक्षा' ही अभ्यासपत्रिका अनेक विद्यापीठांत सुरू झाली. पिशवी मात्र बहुतेक ठिकाणी वाटेतच राहिली.

मराठीत नाव झाकण्याचे प्रसंग घडलेच नाहीत असे नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आले. तेव्हाच्या वाचकांना न सांगता घडलेला तो आंधळ्या चवीचा प्रयोगच होता. प्रौढ अविवाहित शिकलेल्या स्त्रियांच्या मनाबद्दल इतके स्पष्ट लिहिणारी ही विभावरी कोण, ती बाई आहे की पुरुष, यावर महाराष्ट्रात वादळ उठले. ते लेखन मालतीबाई बेडेकरांचे हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र पेल्यापेक्षा पिशवीचीच चर्चा फार झाली. नाव झाकल्याने वाचक मजकुराकडे वळतोच असे नाही, कधी कधी तो सगळे सोडून नावाचाच शोध घेऊ लागतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

संतकवितेने तर या खेळाची सोयच ठेवलेली नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही नाममुद्रा बाटलीवर चिकटवलेली नसते, ती पेयातच विरघळलेली असते. ती काढावी तर चरण मोडतो. आणि ती आहे म्हणून खात्री होते असेही नाही: नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतर नामे यांचे अभंग मिसळले आहेत, आणि ते वेगळे काढण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. इथे चिठ्ठी सगळ्या बाटल्यांवर एकच, आत मात्र अनेक मळ्यांचा माल. अशा वेळी जाणत्या जिभेखेरीज दुसरे साधन नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ज्ञानेश्वरीकार ज्ञानेश्वर आणि अभंगकार ज्ञानेश्वर हे दोन वेगळे असा सिद्धान्त मांडला. भाषेचे वळण वेगळे, विठ्ठलभक्ती एकीकडे ओतप्रोत तर दुसरीकडे जवळजवळ नाही, ही त्याची प्रमाणे. तो सिद्धान्त पुढे बहुतेकांनी स्वीकारला नाही. पण नावाकडे न पाहता दोन पेले शेजारी ठेवून चाखण्याचे धाडस त्यात होते, आणि ते नाकारणाऱ्यांनाही त्यासाठी पुन्हा चाखावेच लागले.

आता किल्लीकडे. वाइनमध्ये किल्ली असते. आमच्या रसायनशास्त्राच्या स्नेह्यांना चार नंबरच्या पेल्यात सिमला मिरची हुंगायला मिळाली तेव्हा बाकीच्यांना ती कविकल्पना वाटली. पण ती बाटली काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची होती, आणि त्या द्राक्षात व सिमला मिरचीत पायराझिन वर्गातली तीच द्रव्ये असतात. म्हणजे पिंपाच्या तळाशी खरोखरच काहीतरी पडलेले होते. कवितेच्या पिंपाच्या तळाशीही काही लहान किल्ल्या असतात, हे आपण विसरू नये. वृत्त कुठे मोडले, एखादा फारसी शब्द तिथे का आला, जुने रूप मुद्दाम वापरले की छपाईची चूक, या गोष्टी तपासता येतात आणि जो विद्यार्थी त्या नुसत्या कानाने ओळखतो त्याला सांचोच्या त्या पूर्वजांइतकाच मान मिळायला हवा. मात्र त्यापलीकडे, ही कविता चांगली का, या प्रश्नाची किल्ली तळाशी नसते. आणि इथेच घोटाळा होतो. वाइनच्या मेजावर पिशवी काढली की नाव दिसते; तो खेळाचा शेवट असतो, म्हणून ते उत्तर आहे असे वाटते. निनावी कवितेखालचे नाव उघड झाले की वर्गातही 'हां!' असा सुस्कारा निघतो. पण कवीचे नाव ही किल्ली नव्हे. कुणाला कविता आवडली नाही आणि ती थोर कवीची निघाली, एवढ्याने तो चुकला ठरत नाही. आणि आवडलेली कविता अनामिकाची निघाली म्हणून त्याची फजितीही होत नाही. ह्यूमच्या कथेत ज्यांची टर उडवली गेली त्यांना पिंपाने न्याय दिला. कवितेच्या वाचकाला असा न्याय देणारे पिंप रिकामे होतच नाही. त्याला आपले म्हणणे शब्दांनीच टिकवावे लागते. म्हणून त्याच्याजवळ स्वतःचे शब्द असणे याचे मोल आम्हाला अधिक वाटते.

कुणी म्हणेल, नाव, काळ, परंपरा काढून टाकलेली कविता ही कविताच नव्हे. तो प्रयोगशाळेतला नमुना. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाशिकच्या त्याच रात्री ताटावर दिसले. जेवणाआधी, नुसत्या पावाच्या तुकड्याबरोबर, सर्वांत अधिक गुण मिळाले होते चार नंबरच्या तुरट, भारदस्त काबर्नेला. मग काळ्या मसाल्याचा मटणरस्सा आणि भाकरी आली. तिखटाबरोबर तीच वाइन जिभेवर खरखरीत आणि जळजळीत होऊन बसली, आणि आधी 'बाळबोध' म्हणून मागे सारलेली तीन नंबरची, किंचित गोडसर शेनँ ब्लां सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली. गुण देताना ती चौथी आणि जेवताना पहिली. कुठली चव खरी? कीर्तनात ऐकलेला अभंग आणि पाठ्यपुस्तकात छापलेला अभंग यांतला कुठला खरा, असे विचारण्यासारखेच हे आहे. आपल्या साहित्यशास्त्राने याला पानकरसाचा न्याय म्हटले. गूळ, मिरी वगैरे घालून केलेल्या पानकाची चव त्यांतल्या कुठल्याही एका घटकाची नसते, तरी त्यांच्यावाचून ती होत नाही. रसाचा आस्वाद तसा. ते पानक म्हणजे आपले चैत्रातले पन्हे. पन्हे पिताना वेलची वेगळी, कैरी वेगळी असे कुणी करत नाही. कवीचे नाव, त्याच्या इतर कवितांची आठवण, ती आपल्याला कुणी पहिल्यांदा म्हणून दाखवली, हे सगळे त्या पन्ह्यातच असते, आणि ते गाळून उरेल ते अधिक शुद्ध असेल असे आम्हाला वाटत नाही.

तरीही पिशवी हवी, असे आमचे मत आहे. रोजच्या जेवणाला नको. वर्षातून काही वेळा हवी. कारण आमच्या वर्गातली आजची अडचण संदर्भ कमी पडण्याची नाही. मुलांच्या हातात मार्गदर्शिका असतात, आता तर विचारल्याबरोबर कुठल्याही कवितेचे रसग्रहण लिहून देणारी यंत्रेही आहेत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन वाट्यांत दहावीपासून वाढलेले ते ताट मुलांना पाठ असते. कमी पडते ती जीभ, किंवा खरे सांगायचे तर आपल्याला जीभ आहे यावरचा विश्वास. जिच्या घरी पुस्तके नव्हती अशी मुलगी मर्ढेकरांच्या नावापुढे गप्प बसते. नाव झाकले तर निदान तिच्या आणि प्राध्यापकांच्या मुलाच्या हातात सारखाच पेला येतो.

आम्ही गेली काही वर्षे तृतीय वर्षाच्या वर्गात हे करतो आहोत. पहिल्या वर्षी मुलांनी कविता बाजूला ठेवून कवी ओळखण्याचा सपाटा लावला. 'सर, ग्रेसच ना?' डालच्या कथेतले जेवण सुरू झाले होते. तेव्हापासून नाव शेवटी सांगायचे नाही, असाच नियम केला. प्रश्नही दोनच ठेवले: कुठली ओळ पुन्हा मोठ्याने वाचावीशी वाटते, आणि कुठे अडखळलात. 'सुंदर', 'भावस्पर्शी', 'अप्रतिम' या तीन शब्दांना बंदी. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ही कविता तुरट आहे. वर्ग हसला. काय म्हणायचे आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, आवळा खाल्ल्यावर तोंड आवळते, पण मग साधे पाणीसुद्धा गोड लागते. ही कविता वाचल्यावर पुढचे पान, ते साधेच होते, पण गोड लागले. राजशेखराच्या नऊ पाकांत आवळा नाही. असायला हवा होता.

व्यवस्थेचे काय करायचे ते मात्र आम्हाला सुचलेले नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असते, त्याच्या जागी सांकेतिक क्रमांक असतो. परीक्षकाच्या मनात पूर्वग्रह येऊ नये म्हणून ही दक्षता. आणि त्याच परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, आस्वादासाठी दिलेल्या कवितेखाली कवीचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. आदर्श उत्तरसूचीही त्या नावाला शोभेल अशीच येते. मागच्या उन्हाळ्यात केंद्रावर तपासताना अशाच एका प्रश्नाच्या उत्तरात 'तुरट' हा शब्द भेटला, पुढे दीड पानभर त्याचे कारण होते. सूचीत तो मुद्दा नव्हता. उत्तर कुणाचे ते कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तसे असणेच योग्य. आम्ही पाचपैकी चार दिले आणि समासात कारण लिहिले. फेरतपासणीत त्याचे अडीच झाले.